तक्रार ज्यांच्याविरुद्ध, चौकशीही त्यांच्याकडेच : आमच्या अर्जाचे आता पुढे काय करावे?

म्हसरूळकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या दहा महिन्यांत जे घडले ते क्रमाने लिहितो आणि शेवटी दोन प्रश्न विचारतो. पोलीस ठाण्याचे नाव आणि आम्ही जेथे दाद मागितली त्या संस्थेचे नाव मी येथे लिहिणार नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, मला पुढची वाट हवी आहे.

माझा पुतण्या भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. पहाटे दिंडोरीकडून माल उचलायचा आणि नाशिकच्या मार्केट यार्डात उतरवायचा, हा त्याचा रोजचा धंदा. दहा महिन्यांपूर्वी एका रात्री साडेदहाच्या सुमारास साध्या वेशातील दोघांनी त्याला घरासमोरून नेले. चोरीला गेलेल्या एका मोटारसायकलबद्दल विचारपूस करायची आहे, एवढेच सांगितले. नोटीस दिली नाही, कशावर सही घेतली नाही. त्याचे वडील आणि मी अकरा वाजता ठाण्यात पोहोचलो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी ‘असा कोणी येथे आणलेला नाही’ असे उत्तर दिले. आतल्या खोलीतून त्याचा आवाज आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होता. तो आवाज मी अजून विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडले. सोडताना एका कागदावर सही घेतली, पण त्याची प्रत दिली नाही. दोन्ही तळपायांवर वळ होते आणि डावे मनगट सुजलेले होते. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेऊन एमएलसी (पोलीस प्रकरणातील जखमांची वैद्यकीय नोंद) करून घेतली, त्यामुळे जखमांचा दाखला आमच्याकडे आहे. ती मोटारसायकल दोन आठवड्यांनी भलत्याच माणसाकडे सापडली.

आम्ही प्रथम वरिष्ठांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तेथून काही हालचाल होईना, म्हणून पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीच नेमलेल्या एका संस्थेकडे शपथपत्र, वैद्यकीय दाखला आणि फोटो जोडून तक्रार पाठवली. तीन महिन्यांनी पत्र आले की, आपला अर्ज चौकशीकामी संबंधित कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे. त्यानंतर आठवड्याभरात फोन आला तो त्याच ठाण्यातून : ‘जबाब नोंदवायचा आहे, मुलाला घेऊन या.’ ज्या इमारतीत त्याला मारले, त्याच इमारतीत जाऊन, ज्यांनी मारले त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून त्याने जबाब द्यावा, अशी ती अपेक्षा होती. तो गेला नाही, आणि मी त्याला जा असे सांगू शकलो नाही. मधल्या काळात सुनावणीच्या दोन तारखांना पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. पहिल्या वेळी समोरच्या पक्षाचे म्हणणे दाखल झाले नव्हते, म्हणून पुढची तारीख मिळाली. दुसऱ्या वेळीही तेच झाले. टेम्पो ज्या दिवशी उभा राहतो त्या दिवशी त्याच्या घरात पैसा येत नाही, हे येथे सांगायला हवे.

मागच्या आठवड्यात शेवटचे पत्र आले. ‘अर्जदार यांना जबाबाकामी वेळोवेळी बोलावूनही ते हजर राहिले नाहीत. प्राप्त अहवालानुसार तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. सबब अर्ज दफ्तरी दाखल करण्यात आला आहे.’ म्हणजे अर्ज बंद करून टाकला.

माझे प्रश्न असे आहेत. पोलिसांबाहेरची म्हणून जी यंत्रणा उभी केली, तिने चौकशी पुन्हा पोलिसांकडेच द्यावी, असे कायद्यातच आहे का? आणि दहा महिने गेल्यानंतर आता आमच्यापुढे काय शिल्लक आहे?

नाशिकरोडचा वकील

म्हसरूळकर साहेब, आपण लिहिलेला क्रम वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. जिल्हा न्यायालयात माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक प्रकरणांत शेवटच्या पत्रातली वाक्ये शब्दशः हीच असतात.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि सात निर्देश दिले. त्यांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. राज्य पातळीवर एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असावे, जिल्ह्यातील प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावेत, असे त्यात म्हटले आहे. मुख्य म्हणजे, प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करण्यासाठी प्राधिकरणाला स्वतःचा कर्मचारीवर्ग लागेल, आणि त्यासाठी गुन्हे अन्वेषण, गुप्तवार्ता किंवा दक्षता विभागांतील निवृत्त तपास अधिकारी घेता येतील, हेही न्यायालयाने तेथेच लिहून ठेवले. प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधितांवर बंधनकारक राहतील, असेही त्यात आहे. म्हणजे तक्रार त्याच ठाण्याकडे परत जाऊ नये, याचा विचार २००६ सालीच झालेला होता.

महाराष्ट्राने ही तरतूद कायद्यात आणली ती २०१४ साली, महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून, आणि ती आणताना ‘जिल्हा’ या शब्दाच्या जागी ‘महसूल विभाग’ आला. कागदावर हा बदल लहान दिसतो, पण आपल्या भागासाठी त्याचा अर्थ असा की नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांसाठी मिळून एकच विभागीय प्राधिकरण. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याच्या माणसाने नाशिकला यायचे ही कल्पनाच मूळ निर्देशाच्या हेतूला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. असो. या प्राधिकरणांना साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते वापरण्याऐवजी ‘अहवाल मागविला’ एवढ्यावर काम थांबते, हे खरे दुखणे आहे.

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण तो मुदतीचा आहे. अशा अर्जांमागे फिरताना माणसाच्या लक्षात येत नाही की त्या काळात इतर दारे एकेक करून बंद होत असतात. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ नुसार घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर मानवाधिकार आयोग चौकशी करू शकत नाही. आपल्याकडे दोन महिने आहेत. दुसऱ्या एखाद्या वैधानिक आयोगापुढे प्रकरण प्रलंबित असले की आयोग हात घालत नाही, परंतु आपला अर्ज दफ्तरी दाखल झाला असल्याने तो अडथळा राहिलेला नाही. ते पत्र तक्रारीला अवश्य जोडा. साधी दुखापत आणि गैररीत्या कोंडून ठेवणे या गुन्ह्यांना कमाल शिक्षा एक वर्षाची आहे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेण्याची मुदतही एकच वर्षाची आहे. कबुलीजबाब काढण्यासाठी दुखापत करणे हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असून त्याला अशी मुदत नाही. आपल्या हकिकतीत मोटारसायकलबद्दल काय विचारले आणि काय कबूल करायला सांगितले, हे तपशिलाने येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

आणखी एक गोष्ट समोरून निश्चित मांडली जाईल. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर सहा महिन्यांच्या आत खटला किंवा दावा दाखल करावा लागतो. शासनाच्या पूर्वमंजुरीने खटल्यासाठी ही मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. हे ऐकून अनेक जण घरी परत जातात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली, महाराष्ट्र शासन विरुद्ध आत्माराम या प्रकरणात, संशयितांना कोंडून मारहाण करणे हे पोलिसांच्या कर्तव्यात बसतच नाही आणि म्हणून त्याला कलम १६१ चे संरक्षण मिळत नाही, असे ठरवलेले आहे. हा निकाल आपल्या वकिलांच्या टेबलावर असू द्या.

वरिष्ठांना दिलेल्या अर्जाची पोच आपण जपली, हे फार चांगले केले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी दाद मागितल्यानंतरच कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागता येतो, आणि तोही शपथपत्रासह. तक्रार लोकसेवकाविरुद्ध असेल तर त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचे स्वतःचे म्हणणे पाहिल्यावर आदेश होतो, ही १ जुलै २०२४ पासूनची नवी पायरी आहे. तिने वेळ जाईल, पण तेथे निर्णय न्यायालयाचा असेल आणि तो कारणांसह लिहिलेला असेल.

‘चोवीस तासांच्या आत सोडले, मग तक्रार कसली’ असे कोणी म्हणाले तर ते ऐकून घेऊ नका. चोवीस तासांची मर्यादा अटक केलेल्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्यासाठी आहे. नोंद न करता माणूस ठाण्यात ठेवण्याची ती सवलत नाही. अटकपत्र, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे या गोष्टी सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहेत.

निवृत्त सहायक फौजदार

दादा, मी ३० वर्षांहून अधिक काळ खात्यात होतो आणि आता पंचवटीत राहतो. आपल्या पुतण्याच्या बाबतीत जे झाले असे आपण म्हणता, ते खरे असेल तर त्याचे समर्थन मी करणार नाही. अर्ज आतून कसा फिरतो तेवढे सांगतो, कारण वकील साहेबांनी कायदा सांगितला आहे आणि कागदाची चाल माझ्यासमोर झालेली आहे.

बाहेरून आलेली तक्रार आयुक्तालयात किंवा अधीक्षक कार्यालयात आवक होते. तेथून ती सहायक आयुक्तांकडे किंवा उपअधीक्षकांकडे, तेथून ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारून ठाण्याकडे, आणि ठाण्यात ती अर्ज शाखेच्या हवालदाराकडे जाते. त्या हवालदाराने आपल्याच वरिष्ठ निरीक्षकाचा किंवा रोज बरोबर ड्युटी करणाऱ्या सहकाऱ्याचा जबाब घ्यायचा असतो. तो काय लिहिणार? त्याला त्याच ठाण्यात पुढची दोन-तीन वर्षे काढायची असतात. माणूस वाईट असतो म्हणून असे होत नाही. रचनाच अशी आहे की तेथे चांगला माणूसही खरे लिहू शकत नाही. अहवाल वर जातो, त्यावर सह्या होतात, आणि अर्ज मुदतीत निकाली निघाला की दरमहाच्या गोषवाऱ्यात प्रलंबित अर्जांचा आकडा कमी होतो. वरच्या बैठकीत विचारला जातो तो हा आकडा. अर्ज कसा निकाली निघाला, हे मी तरी कोणाला विचारताना फारसे ऐकले नाही.

आपल्याकडून एक चूक झाली, ती सांगतो, राग मानू नये. जबाबाला न जाणे आपल्या जागी योग्यच होते, पण न जाण्याचे कारण लेखी कळवायला हवे होते. ‘सदर ठाण्याचे कर्मचारी हेच गैरअर्जदार असल्याने आम्ही तेथे जबाब देऊ इच्छित नाही, आमचा जबाब अन्य वरिष्ठ अधिकाऱ्याने अन्य ठिकाणी नोंदवावा’ एवढे दोन ओळींचे पत्र पोस्टाने, पोचपावतीसह, ठाण्याला आणि त्या संस्थेला गेले असते, तर ‘हजर राहिले नाहीत’ हे वाक्य लिहिणे कठीण झाले असते. यापुढे कोणी बोलावले तर फोनवर होकार किंवा नकार देऊ नका. लेखी समज (नोटीस) मागा.

ठाणे दैनंदिनीबद्दलही (ठाण्यातील रोजच्या नोंदवहीबद्दल) लक्षात ठेवावे. रात्री अकरा वाजता आपण दोघे ठाण्यात गेलात, याची नोंद बहुधा नसेल. पण साध्या वेशातले दोघे बाहेर पडले तर त्यांच्या रवानगीची आणि परत आल्याची नोंद दैनंदिनीत व्हायला हवी. ती असेल तर आपले म्हणणे पुढे सरकते. ती नसेल तर ते दोघे त्या वेळी कोठे होते, हा प्रश्न त्यांच्या वरिष्ठांना विचारता येतो.

सिडकोतली शिक्षिका

काका, मी याच रस्त्याने अडीच वर्षे चालले आहे, म्हणून लिहिते. माझी तक्रार वेगळी होती : माझ्या बहिणीची फिर्याद घ्यायला नकार दिला गेला आणि तिला अपमानास्पद बोलले गेले. आमचाही अर्ज दोन वेळा दफ्तरी दाखल झाला.

मला ज्याने हात दिला तो माहितीचा अधिकार. ‘माझ्या अर्जावर काय कारवाई केली’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर आपल्याला आलेल्या पत्राइतकेच येते. चौकशीच्या संपूर्ण नस्तीचे (फाईलचे) निरीक्षण मागा, आणि त्यातील टिपणी, नोंदवलेले जबाब, अहवाल आणि आपल्याला बजावल्याचे सांगितले जाणारे समजपत्र यांच्या प्रती मागा. माझ्या बहिणीच्या नस्तीत तिला तीन वेळा समज दिल्याचे लिहिले होते आणि तिन्हीवर सही कोणाचीच नव्हती. हे एक पान हाती आले तेव्हा प्रकरण पुन्हा उघडले. माहिती तीस दिवसांत मिळाली नाही तर प्रथम अपील करा, आणि तेथेही न मिळाल्यास राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकमध्येच आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तपासात अडथळा येईल या कारणाने नकार मिळाला, तर अर्ज दफ्तरी दाखल झाल्यावर कोणता तपास चालू आहे, हे अपिलात ठामपणे विचारा.

एका ठिकाणी मात्र मी हरले. शेवटी संबंधित कर्मचाऱ्यावर ‘योग्य ती कार्यवाही’ झाल्याचे मला कळवण्यात आले. ती कोणती, हे मला आजही माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ सालच्या गिरीश देशपांडे प्रकरणातील निकालाचा आधार देऊन, कर्मचाऱ्याला झालेली शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, असे उत्तर मिळाले. ज्या माणसाला त्रास झाला त्यालाच निकाल कळू नये, हे मला आजही पटत नाही आणि पटणार नाही. माझी बहीण अजून त्या चौकातून जायचे टाळते. दोषी माणूस तेथे आहे की बदलून गेला, एवढे तरी तिला कळायला हवे होते.

मुलाच्या मनाकडेही लक्ष द्या. आम्ही सगळे कागदांत बुडालो होतो आणि बहिणीशी कोणी बोलतच नव्हते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

नाशिकरोडचा वकील

ताईंनी माहिती अधिकाराचे सांगितले, त्याला जोडून एक अतिशय तातडीची गोष्ट सांगतो, जी मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवी होती. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि मागची बाजू अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. हे चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तेथे किमान एक वर्ष, जपून ठेवायचे आहे. आपल्या घटनेला दहा महिने झाले आहेत. अकरा वाजता ‘असा कोणी येथे नाही’ असे जे उत्तर आपल्याला मिळाले, ते खरे की खोटे हे त्या रात्रीच्या प्रवेशद्वारावरील आणि मार्गिकेतील चित्रणावरून ठरू शकते.

म्हणून उद्याच त्या तारखेचे, रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंतचे चित्रण राखून ठेवावे, असा अर्ज पोलीस आयुक्तालयात द्या. त्याची प्रत जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्तांनाही द्या, कारण याच आदेशाने नेमायच्या जिल्हास्तरीय देखरेख समितीवर त्यांची नेमणूक अपेक्षित आहे. चित्रण मिळण्याची मागणी वेगळी करा, परंतु ते पुसले जाऊ नये ही मागणी आधी पोहोचली पाहिजे. ‘कॅमेरा त्या दिवशी बंद होता’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या. कॅमेरा चालू ठेवण्याची, त्याची देखभाल करण्याची आणि बिघाड कळवण्याची जबाबदारी त्या आदेशाने ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकलेली आहे, त्यामुळे बंद कॅमेऱ्याचेही उत्तर द्यावे लागते.

गंभीर दुखापतीच्या प्रकरणात मानवाधिकार आयोगाला आणि १९९३ च्या कायद्याखालील मानवाधिकार न्यायालयाला असे चित्रण मागवून घेता येते, हेही त्याच निकालात आहे. मनगटाचा एक्स-रे काढला होता का? अस्थिभंग असेल तर दुखापत गंभीर ठरते आणि पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून राहील.

म्हसरूळकर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. एक्स-रे काढला होता. अहवालात बारीक फट असल्याचे लिहिले आहे. सहा आठवडे प्लास्टर होते. हे मी तक्रारीत ‘हाताला दुखापत’ एवढेच लिहिले होते, आणि ती माझी चूक होती.

फौजदार साहेब, पत्र न पाठवल्याचे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्या वेळी आम्हाला वाटले की, आपण घाबरतो हे लेखी दिले तर तेच आपल्याविरुद्ध जाईल. ताई, पुतण्याबद्दल आपण जे लिहिलेत ते वाचून मी थांबलो. तो आता रात्रीचा माल घेत नाही, उजाडल्यावरच बाहेर पडतो, आणि उशीर झाल्यामुळे त्याच्या मालाला भाव कमी मिळतो. आम्ही त्याला यावर कधी काही विचारले नव्हते. आज विचारले. रस्त्यात कोणी गाडी थांबवली तर काय करायचे, हे त्याला कळत नाही, असे तो म्हणाला.

चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज मी लिहिला आहे. उद्या सकाळी तिन्ही कार्यालयांत स्वतः जाऊन देतो आणि पोच घेतो. वकील साहेब, एकच शंका आहे : अर्जावर सही पुतण्याची असावी की माझी चालेल? त्याला उद्या यार्डातून लवकर बोलावून घ्यावे लागेल, म्हणून विचारतो.

नाशिकरोडचा वकील

सही त्याचीच घ्या, आणि खाली साक्षीदार म्हणून त्याच्या वडिलांची व आपली सही करा, कारण त्या रात्री ठाण्यात त्याचा आवाज आपण दोघांनी ऐकला आहे. तो ज्या वेळी ऐकला ती वेळ अर्जात लिहा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास त्याला तेथून वकील विनामूल्य मिळेल. तेथे जाताना दाखला, एक्स-रेचा अहवाल, पहिल्या अर्जाची पोच आणि शेवटचे पत्र, या चारही कागदांच्या प्रती बरोबर ठेवा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.